ज्वारीच्या भाकरीचं प्रभुभोजन

माय,

तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुला जाऊन एक जन्म झाला, तू गेलीस त्या वयापेक्षा मी आज कितीतरी म्हातारी आहे, तरी तो गेलेला नाही. आज सकाळी देवळात नव्या पाळकांनी एकीवर प्रवचन केलं. आपण सगळे एकाच शरीराचे अवयव, हाताला पायाचा कंटाळा येऊन कसं चालेल, असं बरंच काही. बोलले चांगलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, आजी, तुम्ही जुन्या काळातल्या, निजामाच्या राजवटीत आपल्या मंडळीत किती एकी होती ते दोन शब्दांत सांगा. मी उठले, म्हटलं, दोन शब्दांत सांगण्यासारखं काही नाही, आणि खाली बसले. लोक हसले. म्हातारीला आता आठवत नाही, असं त्यांना वाटलं असणार. मला सगळं आठवतं. घरी आले, सून जेवायला वाढू का म्हणाली, नको म्हटलं, आणि हे लिहायला बसले. कोणावर तरी ओरडायचं आहे, आणि ज्यांच्यावर ओरडावं त्यातलं कोणी उरलेलं नाही. म्हणून तुझ्यावर.

तू उदगीरहून नांदेडला आलीस तेव्हा माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. बाप गेल्यावर मिशनच्या मडमेनं तुला बायबलबाईचं काम दिलेलं. पुस्तक फडक्यात गुंडाळून मोहल्ल्यामोहल्ल्यातून हिंडायचं, बायांना वाचून दाखवायचं, त्यांच्या लेकरांच्या चिकटलेल्या डोळ्यांत औषध घालायचं. उदगीरला तुझे पाय दुखेपर्यंत हे केलंस आणि मग तुझी बदली नांदेडला झाली. मला वाटलं, आता माझी माय माझ्याजवळ राहणार. सासूबाईंना काय वाटलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. नांदेडमध्ये तेव्हा आपल्या ख्रिस्ती लोकांची दोन देवळं होती. स्टेशनाजवळचं दगडी देऊळ रेल्वेतल्या लोकांचं. तारबाबू, गार्ड, गोदामावरचे कारकून, त्यांच्या बायका. तिथं बाकं होती, पायपेटी होती, छापील प्रार्थनेचं पुस्तक होतं आणि पायातले बूट पायातच असत. दुसरं नदीच्या अंगाला, पत्र्याचं. तिथं सतरंजीवर बसायचं, चपला दाराबाहेर, टाळ आणि ढोलकी, आणि एकेका भजनाला इतका वेळ की लेकरं निजून उठायची. या पत्र्याच्या देवळातले लोक गावकुसाबाहेरून आलेले, आपल्यासारखे. दगडी देवळातलेही बरेचसे दोन पिढ्यांमागे तिथूनच आले होते, पण ते बोलायचं नसे. माझ्या सासरचे मात्र नगरकडचे, आजेसासरे वरच्या जातीतून बाप्तिस्मा घेतलेले, आणि ते कोणी विसरू नये म्हणून सणावाराला सांगितलं जाई. तुझा जावई तारबाबू होता. त्यानं हट्ट धरला आणि दगडी देवळाच्या म्हाताऱ्या पाळकांनी मध्ये पडून शब्द टाकला, म्हणून मी त्या घरात गेले.

तुझी खोली पत्र्याच्या देवळाला लागून. सगळ्यांना वाटलं तू तिकडचीच. पण पहिल्याच रविवारी सकाळी तू स्टेशनाजवळ हजर. दारात चपला काढल्यास, आत आलीस, आणि सगळ्यांचे बूट बघून परत जाऊन चपला घालून आलीस. मागच्या बाकावर बसलीस आणि पायपेटीबरोबर असं काही गायलीस की पुढच्या बाकांवरची डोकी मागं वळली. तुझा आवाज त्या पेटीत मावत नव्हता. संध्याकाळी तीच तू पत्र्याखाली टाळ वाजवून राहिलेली. तुझं हे दोन घरी जेवणं दोन्ही घरांना खुपायला लागलं. सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, जिथं मन रमतं तिथंच जावं माणसानं." मी ते तुला तसंच्या तसं सांगितलं. मला तेव्हा त्यांचं पटत होतं हेही सांगते. तू शेंगा फोडत बसली होतीस.

"मन कुठं रमतंय? मला न्हाई आवडत त्यांची ती पेटी. दमा लागल्यागत घरघरती."

"मग कशाला जातेस?"

"अगं, मला तुझ्या सासूचं वरण बी न्हाई आवडत. साखर घालती त्यात. म्हणून तिच्या घरी जेवायचं सोडू का काय मी?"

मला हसू आलं होतं. आज लिहितानाही आलं, आणि त्याचाही राग आला. तुझ्याजवळ प्रत्येक गोष्टीवर असलं काहीतरी असायचं, आणि समोरच्याचं भांडण हातातल्या हातात विरून जायचं. काही भांडणं विरू द्यायची नसतात.

मग तो भाद्रपद. वरच्या अंगाला कुठं किती पाऊस झाला कोणास ठाऊक, गोदावरी फुगत फुगत घाटावर आली, घाट सोडून वस्तीत आली, आणि पत्र्याचं देऊळ कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं. तुम्ही सगळे गाठोडी डोक्यावर घेऊन रस्त्यावर. म्हातारे पाळक तेलुगू मुलखातले, त्यांना मराठी नीट येत नसे, पण त्या दिवशी त्यांना कोणाची भाषा लागली नाही. त्यांनी स्वतः जाऊन दगडी देवळाचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले. आमच्या घरातून मी बघत होते. ओल्या लुगड्यातल्या बाया, कोंबड्या, एक आंधळा म्हातारा, ढोलक्या, सगळं आत. बाकं भिंतीला सरकवली आणि मधे सतरंज्या पडल्या. पहिले दिवस जेवण गुरुद्वाऱ्यातून. तिथल्या लंगरात सगळ्या गावाला वाढून राहिले होते, कोण कुठला कोणी विचारत नव्हतं. रेल्वेच्या चाळीतही पाणी शिरलं होतं, त्यामुळे आमच्यातलेही तिथं गेले. तू मला नंतर सांगितलंस की दगडी देवळाचे सेक्रेटरी, रेल्वेतले बडे बाबू, आणि पत्र्याच्या देवळाचे पंच, जे त्यांचं नाव काढलं की थुंकायचे, दोघं तिथं एका पंगतीत मांडीला मांडी लावून बसले आणि एकाच बादलीतली डाळ दोघांनी मागून मागून खाल्ली. "परक्याच्या दारात बसता येतं बघ," तू म्हणालीस. "आपल्याच घरात काय होतं यांना?" त्या वेळी तुझ्या आवाजातही राग होता, माय. मी ऐकला होता तो. पुढे तू तो कुठं ठेवलास?

पूर असताना रविवार आला, आणि तो नेमका प्रभुभोजनाचा रविवार, प्रभूच्या नावानं एक भाकरी मोडून सगळ्यांनी खायचा. दगडी देवळात भाकरीऐवजी पातळ पांढऱ्या चकत्या असत. त्या सिकंदराबादहून बंद डब्यातून गाडीनं येत. रूळ वाहून गेलेले, गाड्या बंद, डबा रिकामा. बडे बाबू म्हणाले, या खेपेला राहू द्या. म्हातारे पाळक तुझ्याकडे आले. तू व्हरांड्यात तीन दगडांची चूल मांडून बसली होतीस आणि मी तुझ्याशेजारी लाकडं पुढं सारत होते, म्हणून मला त्यांचा शब्दन् शब्द आठवतो. दखनी उर्दूत बोलले.

"बाई, आटा है क्या?"

"जवारीचं हाय, साहेब."

"बस होता. किताब में रोटी बोलके लिखे हैं, गेहूँकीच बोलके नै लिखे."

तू हात धुतलेस. पुन्हा धुतलेस. पदर घट्ट खोचलास आणि एकच मोठी भाकरी थापलीस, इतकी मोठी की तवा झाकला गेला. भाजताना तू गात नव्हतीस, एरवी गायचीस. तुझे ओठ हलत होते. मी विचारलं नाही काय म्हणतेस ते. आपल्या मराठी प्रार्थनेत रोजची भाकर आज आम्हांस दे, असंच आहे. मी ते लहानपणापासून हजार वेळा म्हटलं असेल, पण भाकर म्हणजे भाकर हे मला त्या दिवशी कळलं. पाळकांनी ती वर धरली. वाफ निघत होती. मोडली तेव्हा आवाज आला, त्या चकत्यांचा कधी आला नव्हता. बाकं भिंतीला होती, त्यामुळे पुढचे मागचे असं काही उरलं नव्हतं, सगळे जमिनीवर गुडघ्यांवर. पायपेटी वाजवणारी बाई वाजवून राहिली होती आणि कडव्याच्या मध्ये जागा सापडली की ढोलकीवाला हळूच हात टाकत होता. तिनं त्याच्याकडे एकदा रागानं बघितलं. मग पुढच्या कडव्याला थोडी थांबली, त्याला जागा द्यायला. मी सगळ्या आयुष्यात जितकी देवळं बघितली, जितक्या उपासना केल्या, त्यात ती एक मला खरी वाटते.

आणि त्याच उपासनेत मी बघितलं. सासूबाई माझ्या डाव्या हाताला होत्या. पाळकांनी त्यांच्या तळहातावर तुकडा ठेवला. त्यांनी हात तोंडापाशी नेला, तोंड हललं, आणि हात खाली आला तो रुमालात. रुमालाची घडी केली आणि कमरेला खोचली. घरी आल्यावर मागच्या अंगणात गेल्या. मी खिडकीतून बघत होते. रुमाल झटकला आणि कोंबड्यांनी तुकडा टिपला. आमच्या घरात त्या दिवशी प्रभुभोजन कोंबड्यांनी घेतलं, सासूबाईंनी घेतलं नाही. मी तुझ्या जावयाला सांगितलं. तो म्हणाला, "तिला ज्वारी पचत नाही." तो भला माणूस होता, तुला माहीत आहे. पण भल्या माणसांची मला तेव्हापासून भीतीच वाटते.

पाणी उतरलं, तुम्ही नदीकडं परत गेलात. दुसऱ्या दिवशी देवळातली सगळी बाकं बाहेर काढून फिनेलनं धुतली. धुवायला हरकत नव्हती, कोंबड्या होत्या, लेकरं होती. पण प्रभुभोजनाचा चांदीचा पेला उकळत्या पाण्यात टाकला, तो का? पुरात तो पेला सगळ्यांच्या ओठांना लागला होता म्हणून. त्याआधी तो वर्षानुवर्षं चाळीतल्या सगळ्यांच्या ओठांना लागत होता, तेव्हा कोणाला रोगराई आठवली नव्हती. मग सिकंदराबादला मिशनच्या बड्या साहेबांकडे तक्रार गेली. अनधिकृत भाकरी, अयोग्य हात, उपासनेत गोंगाट. अयोग्य हात. तुझे हात, माय, ज्यांनी माझं बाळंतपण केलं आणि त्याच सासूबाईंची पाठ ताप असताना रगडून दिली. म्हाताऱ्या पाळकांचा तबादला कुठल्याशा लहान स्टेशनावर झाला, जिथं मंडळी म्हणजे रूळ बदलणारा एक पॉइंटमन आणि त्याची बायको. ते जाताना तुला भेटायला आले. तू त्यांना भाकरी बांधून दिलीस. दोघं हसत होतात. मला तेव्हा वाटलं, हे दोघं वेडे आहेत, यांचं काय गेलं हे यांना कळत कसं नाही.

तरीही तुझं चालूच. पौषात कापणीचा सण यायचा. लोक कणसं, भोपळे, कोंबड्या, जे असेल ते देवळात आणायचे. त्या वर्षी दोन्ही मंडळ्यांनी तो एकत्र करावा असं तुझ्या मनात आलं. आधी तू पत्र्याच्या पंचांकडे गेलीस. ते म्हणाले, "आमाला न्हाई हौस बुटावाल्यांत बसायची. त्यांच्या पेटीत काय आत्मा हाय का? वाचून वाचून प्रार्थना करत्यात, देवाला काय कागद दाखवायचा असतो व्हय?" तू म्हणालीस, वाचून केली तरी त्यालाच केली ना. ते म्हणाले, आणि पुरात आमच्यावर उपकार केले म्हणून बोलून राहिलेत सगळ्या गावात, आम्ही का त्यांच्या पायरीला जावं? यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, असं मला वाटायचं. आता वाटतं, चुकलं होतं. त्यांना झालेला अपमान खरा होता, आणि तो त्यांना इतका आवडायला लागला होता की सोडवत नव्हता. तू त्यांना कसंबसं हो म्हणायला लावलंस. मग दगडी देवळाच्या पंचांची सभा भरली, म्हाताऱ्या पाळकांच्या जागी आलेल्या पाळकांच्या घरी, आणि तुला बोलावलं. मी तुझ्याबरोबर आले. सासूबाई बायकांच्या संघाच्या म्हणून तिथं होत्याच.

बडे बाबू फार गोड बोलले. त्यांचा गोडवा आजही माझ्या अंगावर येतो. म्हणाले, "बाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण गैरसमज नसावा. यात जातीचा प्रश्न अजिबात नाही. आपण सगळे ख्रिस्तात एक. प्रश्न आवडीचा आहे. त्यांना ढोलकी आवडते, आम्हाला शांतता आवडते. कोणावर कोणाची आवड लादू नये. ज्याला जिथं समाधान मिळतं तिथं त्यानं उपासना करावी, हीच खरी एकी."

सगळ्यांनी माना हलवल्या. सासूबाईंनीही. ती हललेली मान बघितली आणि मी उभी राहिले. मी म्हणाले, पुरात तुम्ही गुरुद्वाऱ्यात डाळ मागून मागून खाल्लीत तेव्हा आवड कुठं होती? मी म्हणाले, पेला उकळलात तो आवडीनं उकळलात का? आणि मग, माय, मी सासूबाईंकडे बोट केलं आणि रुमालाचं सांगितलं. कोंबड्यांचं सांगितलं. शब्द न गाळता. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता, आता काहीतरी खरं होणार, आता कोणीतरी मान खाली घालणार.

आणि तू म्हणालीस, "साकू." उदगीरची सवय तुझी, रागावलीस की ‘पुरे’ऐवजी कानडी शब्द तोंडात यायचा. "साकू आता. भाईर जा तू."

"माय, मी खोटं बोलले का?"

"न्हाई. जा भाईर."

मी गेले. व्हरांड्यात उभी राहून ऐकलं. तू बड्या बाबूंना म्हणालीस, पोरगी तापट हाय, तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका, सणाचं तेवढं बघा. त्यांनी बघतो म्हटलं. काही बघितलं नाही. सण दोन ठिकाणी झाला. इकडच्या पपया इकडं आणि तिकडचे भोपळे तिकडं.

परत जाताना रस्त्यावर आपण भांडलो. मी म्हणाले, तू मला सगळ्यांपुढं खाली बघायला लावलंस, मी खरी असताना. तू म्हणालीस, "खरी व्हतीस. पण आता तुझी सासू कुठल्या तोंडानं यायची? मी तिला येऊ देणार व्हते गं. आज न्हाई तर दोन सालांनी, तिची ती आली असती. तू तिचं दार बाहेरून लावून टाकलंस."

"ती कधीच आली नसती."

"ते तुला काय ठावं?"

तुला तरी काय ठावं होतं? हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही, आज विचारते. तुझ्या त्या दारांचा मला कंटाळा आहे. तू सगळ्यांना परत यायला दार उघडं ठेवायचीस आणि वारा तुझ्याच अंगावर यायचा. ज्यांनी तुझ्या हातांना अयोग्य म्हटलं त्यांच्या तोंडाची तुला काळजी, आणि तुझ्या हातांसाठी बोलणाऱ्या लेकीला तू व्हरांड्यात पाठवलंस. माझं बोलणं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तू बरोबर होतीस असंही वाटत नाही. इतक्या वर्षांत हे भांडण मी माझ्या डोक्यात किती वेळा केलं असेल, दर वेळी मीच जिंकते, आणि दर वेळी तू शेंगा फोडत बसलेली असतेस.

तू दोन्हीकडं जातच राहिलीस. सकाळी चपला घालून, संध्याकाळी चपला काढून. निजामाची राजवट जायच्या आदल्या वर्षी, गावात रझाकारांच्या भीतीनं लोक सामान बांधून राहिले होते, तेव्हा तुला ताप आला. विषमज्वर. पत्र्याशेजारच्या त्या खोलीत तू पडून होतीस आणि मी तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. शेवटी शेवटी तू बडबडायचीस, त्यात मराठी कमी आणि कानडी जास्त, मला सगळं कळत नव्हतं. गेलीस तेव्हा दुपार होती.

तुला पुरायला दोन्ही मंडळ्या आल्या. इतके लोक एका ठिकाणी मी पुरानंतर पहिल्यांदा बघितले. माझ्या मनात एक क्षण आलं, बघ, माय, आले. मग ते उभे राहिले. दगडी देवळाचे एका कडेला, पत्र्याचे दुसऱ्या कडेला, मधे तुझा खड्डा. दगडी देवळाच्या पाळकांनी पुस्तकातलं वाचलं. बड्या बाबूंनी खूण केली आणि त्यांच्या बाजूनं त्यांचं गीत सुरू झालं, ते संथ, परक्या चालीचं. पलीकडचे गप्प उभे. एक कडवं झालं असेल, तेवढ्यात पलीकडून पंचांनी टाळ वाजवला आणि भजन उचललं. बड्या बाबूंच्या बाजूनं आवाज चढवला. पलीकडच्यांनीही चढवला. तू अजून वर होतीस, दोरावर, आणि तुझ्या अंगावरून दोन गाणी एकमेकांना ढकलत होती. दोन्ही गाणी तुला पाठ होती. दोन्ही तू त्यांच्यातल्या कोणाहीपेक्षा चांगली म्हटली असतीस.

मी ओरडले, "चूप बसा. सगळेच चूप बसा."

बसले. कोणाला पुन्हा सुरू करायचं धाडस झालं नाही. दोर सुटताना घासले तो आवाज, मग मातीचा आवाज. तुला, जिनं सगळ्या नांदेडला गाऊन दाखवलं, तिला मी गाण्याशिवाय पुरलं. ते माझ्या हातून झालं आणि मी ते पुन्हा करीन. सासूबाई त्या दिवशी आल्या होत्या. दोन्ही घोळक्यांपासून लांब, फाटकापाशी डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. पुढे त्या खूप वर्षं जगल्या, माझ्याच हातचं खाऊन. तुझ्याबद्दल एकदाच बोलल्या, डाळ निवडताना, मधेच. "तुझी आई गायची चांगलं." तुला जिवंतपणी सांगायला काय झालं होतं त्यांना?

निजाम गेला. मडमा आपापल्या देशी गेल्या. पुढे वरच्या साहेबांनी कागदावर एकी केली, पत्र्याचं देऊळ मोडलं, दगडी देवळावर नवीन पाटी लागली आणि पेढे वाटले. आता सगळे एकाच इमारतीत. नऊ वाजताची उपासना पुस्तकातली, अकरा वाजताची गाण्याबजावण्याची. नऊवाले निघताना अकरावाले आत येतात, दारात एकमेकांना नमस्कार करतात. नऊला कोणाची नातवंडं येतात आणि अकराला कोणाची, ते मला एकेकाचं तोंड बघून सांगता येतं. मी पाळकांना विचारलं तर म्हणतात, आजी, ज्याची त्याची आवड. तोच शब्द. त्या पोराला ठाऊकही नाही तो कुठून आला. एकीवरचं आजचं ते प्रवचन त्यांनी दोन वेळा केलं, नऊला एकदा आणि अकराला एकदा.

राग लिहून कमी होईल असं वाटलं होतं. झाला नाही. हे कुठं टाकायचंही नाही, सून आवरताना वाचेल म्हणून उद्या चुलीत जाईल, आमच्याकडे पाणी तापवायला अजून चूल आहे. पण एक सांगते. गेल्या महिन्यापासून मी नऊची उपासना झाली की उठत नाही. अकरापर्यंत बसून राहते आणि त्यांची उपासना करते. घरी सांगितलंय की गुडघे दुखतात, चालायला वेळ लागतो. काय ते ढोल, काय ते कर्णे, कानात कापूस घालून बसते, एक शब्द कळत नाही. मला ते अजिबात आवडत नाही, माय. पुढच्या रविवारीही बसणार आहे.